रात्री आकाश मोकळं होतं का?

आल्प्समध्ये एप्रिलात स्कीवाल्यांचा एखाद्या हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) मुक्काम असला की पहाटे तीन-साडेतीनलाच हेडलॅम्प लुकलुकायला लागतात. पाव-जॅम आणि चहा कसाबसा घशाखाली ढकलायचा, बूट शोधायचे (कोणीतरी दुसऱ्याचेच घालून बसलेलं असतं), आणि दार उघडून जो पहिला बाहेर जातो तो थर्मामीटरकडे बघत नाही, वर बघतो. तारे स्वच्छ दिसतायत म्हटल्यावर सगळे पटापट आवरतात. ढग असतील तर आत येऊन सांगतो, आणि बरेच जण परत पांघरूण ओढून झोपतात. थंडी किती आहे हा प्रश्न नंतरचा.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विचित्र वाटलं होतं. बर्फ गोठलाय की नाही हे बघायचं तर टेंपरेचर बघा ना, ताऱ्यांचा काय संबंध? पण वसंतातल्या स्की टूरिंगचं सगळं विज्ञान या एका सवयीत आहे.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात. बॅककंट्री स्की टूरिंग म्हणजे लिफ्ट नाही, रोलर फिरवून सपाट केलेला ट्रॅक नाही, डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा आणि मग स्कीवरून उतरायचं. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती खरोखर सीलच्या कातड्याची असायची, आता अंगोरा शेळीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. केस मागच्या बाजूला झुकलेले असतात त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून चालायचं, माथ्यावर पट्टी सोलून खिशात, टाच लॉक, आणि खाली. बूट पुढून फक्त दोन पिनांवर पकडणारं हलकं बाइंडिंग १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी काढलं आणि त्यानंतर हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर तो पहिल्यांदा आलासुद्धा.

सगळ्यात नावाजलेली टूर म्हणजे ओत रूट, फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झर्माटपर्यंत. पायी हा मार्ग १८६० च्या दशकात ब्रिटिश गिर्यारोहकांनी काढला, स्कीवरून १९११ मध्ये पार झाला. साधारण आठवडाभर लागतो, एका हटवरून दुसऱ्या हटवर. आणि सीझन कधी, तर मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. भर जानेवारीत नाही. कारण तेव्हा हिमनद्यांवरच्या भेगा बर्फाने नीट बुजलेल्या नसतात, दिवस लहान, हटवर माणूस नाही, आणि बर्फाच्या थरांत कुठेतरी खोलवर एखादा कमकुवत थर लपलेला असतो जो कधी सुटेल त्याला वेळकाळ नाही. वसंतात धोका संपत नाही, पण तो बराचसा घड्याळाप्रमाणे वागायला लागतो.

आता ताऱ्यांकडे येऊ.

बर्फ दिसायला पांढरा असतो, म्हणजे सूर्याचा बहुतेक प्रकाश परत फेकतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के फेकतो. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांमध्ये, इन्फ्रारेडमध्ये, हाच बर्फ जवळजवळ काळाकुट्ट आहे. म्हणजे स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यात एकदम पटाईत. शून्य अंशावरचा एक चौरस मीटर बर्फ साधारण ३१० वॅट उष्णता सतत आकाशाकडे फेकत असतो, दिवसा पण आणि रात्री पण. बदल्यात आकाश काय देतं हे महत्त्वाचं. ढगाळ आकाश जवळजवळ तेवढंच परत देतं, ३०० च्या आसपास, हिशोब बरोबरीत सुटतो आणि बर्फ ओलाच राहतो. स्वच्छ कोरडं आकाश मात्र तीन हजार मीटरवर सव्वादोनशे-अडीचशे वॅटच परत देतं. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ८० वॅटचा तोटा, रात्रभर.

याचा गंमतशीर परिणाम असा की हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असलं तरी बर्फाचा पृष्ठभाग कडक गोठू शकतो. आणि याच्या उलट, हवा शून्याला टेकलेली असली तरी ढगांखाली तो पाणचट राहू शकतो. हे आपल्याला अगदीच परकं नाहीये, दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला गाड्यांच्या टपांवर आणि गवतावर दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात आणि त्याच बातमीत गावातलं तापमान पाच-सहा अंश लिहिलेलं असतं, मग लोक विचारतात बर्फ कसा झाला. असाच झाला. टप आकाशाकडे तोंड करून रात्रभर उष्णता फेकत बसला आणि हवेपेक्षा गार झाला. दोन्ही ठिकाणी वारा पडलेला असेल तर आणखी बरं, कारण वारा वरची उबदार हवा खाली ढवळून आणतो.

आता एक छोटा हिशोब करू, कंटाळा येत असेल तर हा परिच्छेद सोडा पण मला तो फार आवडतो. ८० वॅट गुणिले आठ तास म्हणजे साधारण २३ लाख जूल. एक किलो पाणी गोठवायला ३.३४ लाख जूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे एका मोकळ्या रात्रीत चौरस मीटरमागे सात किलोच्या आसपास पाणी गोठतं. वसंतातल्या ओल्या बर्फात समजा आकारमानाच्या चार टक्के पाणी आहे, तर सात किलो म्हणजे वरचा सतरा सेंटिमीटरचा थर. थोडी थंडी तो थर शून्याखाली न्यायला खर्च होते, तेव्हा बारा-पंधरा सेंटिमीटर धरा. एवढा कडक थर माणसाला आरामात पेलतो. पहाटे तर इतका कडक असतो की स्किनचे केस पकडच घेत नाहीत, मग स्कीच्या खाली धातूचे दात लावावे लागतात आणि सगळ्या उतारावर करकर आवाज येत राहतो.

मग ऊन येतं. कोवळ्या उन्हाला हलक्यात घेऊ नका, कारण उतार सूर्याकडे तोंड करून उभा असतो. आल्प्स साधारण ४६ अंश अक्षांशावर, एप्रिलच्या मध्यात माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून ५४ अंश वर. ३५ अंशांचा दक्षिणेकडचा उतार घ्या, ५४ अधिक ३५ म्हणजे ८९, किरणं जवळजवळ काटकोनात आदळतात! चौरस मीटरला हजारेक वॅट. जुना रवाळ बर्फ त्यातले ६० टक्के परत फेकतो, ४०० शोषतो, त्यातून आकाशाला जाणारे ८० वजा करा, राहिले ३२०. रात्रीचे २३ लाख जूल भागिले ३२० करा, दोन तास. आठ तासांची कमाई दोन तासांत साफ. त्याच वेळी उत्तरेकडच्या तेवढ्याच उतारावर किरणं जेमतेम १९ अंशांनी घासून जातात आणि तिथे मे उजाडला तरी कोरडा हिवाळी बर्फ सापडतो. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन ऋतू.

याच दोन तासांच्या आत कुठेतरी तो क्षण असतो ज्याच्यासाठी लोक तीनला उठतात. वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटलेले, खाली फरशी. स्की बुडत नाही, घसरत नाही, वळण आपोआप लागतं. इंग्रजीत याला कॉर्न स्नो म्हणतात, जर्मनवाले फिर्न म्हणतात. हे दाणे तयार कसे होतात तेही बघण्यासारखं आहे. ओल्या बर्फात बारीक कण आणि मोठे कण शेजारी शेजारी असतात. बारीक कणाची वक्रता जास्त म्हणून त्याचा वितळणबिंदू मोठ्यापेक्षा किंचितसा खाली असतो, अगदी अंशाचा बारीक अंश, पण तेवढा पुरतो. बारीक वितळतो, त्याला लागणारी उष्णता शेजाऱ्याकडून जाते, आणि शेजारच्या मोठ्या कणावर पाणी गोठून तो आणखी मोठा होतो. दिवसा वितळ रात्री गोठ असं आठवडाभर चाललं की ताज्या हिमकणांच्या षटकोनी चांदण्यांचा मागमूस राहत नाही, कच्च्या साबुदाण्याएवढे गोल दाणे उरतात. रात्री त्यांच्यामधलं पाणी गोठून दाण्याला दाणा जखडतो, सकाळी तो सांधा सुटतो.

म्हणून प्लॅन असा करतात की आधी पूर्वेकडचा उतार, मग दक्षिण, मग पश्चिम. सूर्याच्या मागे मागे डोंगराला वळसा. इथे एक लक्षात ठेवायची गोष्ट, स्वित्झर्लंडमध्ये उन्हाळी वेळ चालू झालेली असते त्यामुळे खरी माध्यान्ह घड्याळात दीडच्या सुमाराला होते. पूर्वेचा उतार साडेनऊ-दहाला कॉर्नसाठी तयार होतो, दक्षिणेचा अकरा-साडेअकरा, हे ढोबळ आकडे, उताराच्या कोनावर आणि उंचीवर बरंच अवलंबून. घाई केली तर दगडावरून घरंगळल्यासारखं होतं, दात खिळखिळे. उशीर केला तर त्याहून वाईट.

उशीर म्हणजे काय होतं? कडक थर वितळला की पाणी खाली झिरपायला लागतं. थोडं पाणी दाण्यांना उलट चिकटवून धरतं, केशाकर्षणाने. जास्त झालं की सांधे सुटतात आणि पाणी एखाद्या जुन्या कमकुवत थरावर जाऊन साठतं, मग त्यावरचा सगळा बर्फ घसरून कोसळू शकतो, हाच हिमलोट. सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे एखाद्या उतारात सीझनमध्ये पहिल्यांदा पाणी आतपर्यंत पोचतं तो, कारण तिथले हिवाळ्यातले नाजूक थर अजून तसेच असतात. एकदा पाण्याने वाटा पाडल्या आणि चार-सहा वेळा गोठणं-वितळणं झालं की तोच उतार बराच शहाणा होतो. ओला हिमलोट कोरड्यापेक्षा हळू येतो पण वजनाने भयंकर, ताज्या बर्फाचा घनमीटर शंभर किलोच्या आसपास, ओल्याचा तीनशे ते पाचशे, आणि थांबला की क्षणात घट्ट बसतो, हात हलवता येत नाही.

सोबत ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन (गाडला गेलेला शोधायला अंगावर बाळगायचं सिग्नल-यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) असतंच. गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर बहुतेक वाचतात, मग आकडे झपाट्याने कोसळतात. पण अनुभवी लोकांची खरी भिस्त या सामानावर नसते, परत फिरण्याच्या वेळेवर असते. साधी खूण अशी की स्की काढून उभं राहिल्यावर बूट घोट्यापर्यंत आत गेला तर तो उतार आजच्या दिवसापुरता संपला. उतारावरून छोटे बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले तरी तेच.

दावोसला एसएलएफ नावाची हिम आणि हिमलोट संशोधन संस्था आहे, १९३० च्या दशकात तिथल्याच वाइसफ्लुयोख डोंगरावरच्या एका लाकडी खोपट्यातून तिचं काम सुरू झालं. तिचं हिमलोट बुलेटिन वसंतात वाचायला मजा येते, कारण त्यात अनेकदा एकाच दिवसाचे दोन नकाशे असतात. सकाळचा हिरवा-पिवळा, म्हणजे धोका कमी. दुपारचा केशरी.

वरच्या हिशोबात एक आकडा मी गुपचूप धरून चाललो होतो, बर्फ ६० टक्के प्रकाश फेकतो हा. तो बदलला की सगळं गणित फिरतं. फेब्रुवारी २०२१ आणि मार्च २०२२ मध्ये सहारा वाळवंटातली धूळ वाऱ्याबरोबर आल्प्सवर येऊन बसली आणि डोंगर अक्षरशः तांबूस दिसायला लागले. धुळीचा थर वर आला की बर्फ जास्त ऊन खातो, दोन तासांचे दीड होतात. आणि उलटं, काल रात्री ताजा बर्फ पडला असेल तर तो ८५ टक्के फेकून देतो, कवच टिकतं, पण तो ताजा थर स्वतःच सैल असतो त्यामुळे पहिल्या उन्हात तोच निसटतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. हा फेकलेला प्रकाश आपल्या चेहऱ्यावर खालून येतो हे पण सांगून ठेवतो, हनुवटीखाली आणि चक्क नाकपुड्यांच्या आत सनबर्न होतो. हसू नका, फार आग होते.

घड्याळाप्रमाणे वागतो म्हटलं तरी वसंत अधूनमधून घड्याळ फेकून देतो. २०१८ च्या एप्रिल अखेरीस ओत रूटवर चौदा जण व्हिन्येत हटच्या जवळ वादळात अडकले, रात्र उघड्यावर काढली, सात जण गेले. हट काही शे मीटरवर होता, ३१६० मीटर उंचीवरचा. तिथे हिमलोट आला नव्हता, थंडी आणि वाऱ्याने घात केला.

आपल्याकडे गुलमर्ग आणि मनालीला आता बरीच मराठी मंडळी स्की शिकायला जातात, त्यातले काही टूरिंगकडे वळतायत, त्यांच्यासाठी आल्प्सचे आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. गुलमर्ग ३४ अंशांवर आहे. एप्रिलच्या मध्यात तिथे माध्यान्हीचा सूर्य ६६ अंश वर असतो, म्हणजे दक्षिणेकडचा २४ अंशांचा साधा उतारसुद्धा काटकोनात भाजून निघतो आणि कॉर्न स्नोची वेळ आणखी लवकर येऊन जाते. गोंडोला (तिथला रोपवे) तुम्हाला ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडेल, पण तो सुरू होईपर्यंत दक्षिणेकडच्या उतारांवर ऊन येऊन बराच वेळ झालेला असतो. तेव्हा गाइड ठरवताना रेट विचाराल तसं उद्या कुठल्या दिशेच्या उतारावर आणि किती वाजता हेही विचारा, आणि तो ‘निघू की दहाच्या पुढे, आरामात’ म्हणाला तर उतार उत्तरेकडचा आहे ना एवढं खात्री करून घ्या.