केळीच्या बांबूवरची तार

जानेवारीतला एक शनिवार-रविवार आमचा हॅम रेडिओ क्लब, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी सेटवर बोलणाऱ्यांचा क्लब, तोरणमाळला काढतो. शहादा, म्हसावद, राणीपूर करत घाट चढायचा, वनखात्याने दाखवलेल्या माळावर तंबू ठोकायचा, रावेरहून आणलेले केळीला टेकू द्यायचे बांबू दोन-दोन जोडून उभे करायचे आणि त्यांच्यावर तांब्याची तार ताणायची. चाळीस मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यासाठी, म्हणजे बँडसाठी, निम्मी म्हणजे वीस मीटर तार, मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा. तिला कोॲक्स केबल जोडली, सेटला ट्रॅक्टरची बॅटरी लावली की स्टेशन तयार. मग रात्रभर कुणी ना कुणी हेडफोन लावून बसलेला असतो आणि बाकीचे शेवभाजीच्या पातेल्याभोवती. घरचे दरवर्षी विचारतात, हे गच्चीवर होत नाही का?

होतं. पण सेट उचलून रानात नेण्याच्या या खोडीला नव्वदहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्याकडे तो जरा वाकड्या वाटेने आला.

सुरुवात अमेरिकेत. १९१४ साली हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिमला स्प्रिंगफील्डला निरोप धाडायचा होता. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणजे जळगाव ते पारोळ्याच्याही आत. पण त्या रात्री त्याचा एक किलोवॅटचा सेट तिथवर पोचेना. मधल्या गावातल्या एका हौशी माणसाने निरोप उचलून पुढे दिला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, या हिशोबावर मॅक्सिमने त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली. नावातच रिले आहे. त्याआधी १९१२च्या कायद्याने हौशी लोकांना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं होतं, कारण त्या लहरी कुचकामी असं तेव्हाच्या जाणत्यांचं मत. नोव्हेंबर १९२३मध्ये याच ‘कुचकामी’ लहरींवरून अमेरिका आणि फ्रान्सचे हौशी लोक अटलांटिकच्या आरपार बोलले. मग जाणत्यांनाही लघुलहरी हव्या झाल्या.

लीगचा पहिला फील्ड डे, म्हणजे सेट घराबाहेर मांडून संपर्क साधायचा दिवस, जून १९३३मध्ये झाला. नाव लष्करी आहे, कवायतीच्या दिवसाला इंग्रजीत तेच म्हणतात. हेतू साधा: घरातल्या टेबलावरचा सेट सगळेच वाजवतात, वीज गेली, खांब पडला, घरच उरलं नाही, तर काय कराल ते करून दाखवा. युद्धामुळे १९४२ ते १९४५ खंड पडला. आता ठरलेला असतो जूनचा चौथा पूर्ण शनिवार-रविवार. नियमही त्या हेतूला धरूनच. बॅटरीवर, पाच वॅटच्या आत काम केलं तर गुण पाचपट. आधीच मांडामांड करून बसलात तर चोवीस तास, खेळ सुरू झाल्यावर पहिला खुंटा ठोकलात तर पुरते सत्तावीस. हा नियम ज्याने केला त्याने कधीतरी पावसात तंबू उभारला असणार.

आता तेच १९३३ साल आपल्याकडे बघा. तिकडे लोक सेट घेऊन रानात निघाले, इकडे त्याच वर्षी इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट आला. प्रक्षेपण दूरच, बिनपरवाना वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. १८८५चा टेलिग्राफ कायदा डोक्यावर होताच. हौशी लोक आपल्याकडे तेव्हा अगदीच नव्हते असं नाही. कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तूंचं स्टेशन १९२१चं. पण एकूण मामला मूठभरांचा. सप्टेंबर १९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि तेही परवाने रद्द झाले.

पण आपल्याकडे खरं ‘पोर्टेबल ऑपरेशन’, म्हणजे सेट जागोजागी नेऊन चालवणं, घडलं ते याच बंदीच्या काळात, आणि मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. ऑगस्ट १९४२, चले जाव. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला. ट्रान्समीटर बांधला नरिमन प्रिंटर यांनी, आणि प्रिंटर होते परवाना गेलेले हॅम, हवेतलं ओळखनाव, म्हणजे कॉल साइन, व्हीयू२एफयू. पोलिसांच्या गाड्या दिशा शोधत फिरायच्या म्हणून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलत राहिलं. १२ नोव्हेंबरला गिरगावात पारेखवाडीत धाड पडेपर्यंत हे चाललं. हा रेडिओ स्वतःची लहर सांगायचा ४२.३४ मीटर. गणित करा, तीनशे भागिले ४२.३४: सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर, ७.०८च्या आसपास. म्हणजे आज ज्याला आपण चाळीस मीटरचा हॅम बँड म्हणतो, त्याच्या ऐन मध्यात. आमच्या केळीच्या बांबूवरची वीस मीटर तार काँग्रेस रेडिओला जशीच्या तशी चालली असती.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. देशपातळीवरची संस्था १९४८ साली महूला अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया या नावाने निघाली, पुढे तिचीच अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. महू म्हणजे लष्कराच्या सिग्नल्सचं गाव, आणि धुळ्याहून आग्रा रोडने सरळ वर गेलं की लागतं. पुढची काही दशकं महायुद्धातले भंगारात निघालेले सेट, चोर बाजारातले व्हॉल्व्ह आणि घरी गुंडाळलेल्या कॉइल यांच्यावर निघाली. १९८४मध्ये आयात शुल्क माफ झालं तेव्हा जपानी सेट आले. तरी हाताने बनवायची खोड गेली नाही. या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सहा वॅटचा सेट आखून जोडणीचा नकाशा सगळ्यांना फुकट दिला. त्यातल्या कॉइल नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळायच्या. जगभर लोकांनी तो बनवला. आमच्यातल्या एकाचा अजून चालतो, डबा मिठाईचा आहे.

परवाना मात्र एका पत्त्याला बांधलेला असायचा. परीक्षा, पोलीस चौकशी, दिल्लीचा शिक्का, मग वाट बघणं. खानदेशातून परीक्षेला मुंबई नाहीतर नागपूर गाठावं लागायचं. ज्या छंदात यंत्र जागचं हलवायचं तर आधी अर्ज सुचायचा, त्यात तंबू घेऊन डोंगरावर जायची रीत रुजायला वेळ लागणारच. मला वाटतं, आपल्याकडे फील्ड डे मासिकांतून कमी आणि संकटांतून जास्त शिकला गेला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा हॅम लोक सेट आणि बॅटऱ्या घेऊन तिथे गेले. २६ जानेवारी २००१ला भूजच्या वेळी पुन्हा तेच. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांची टीम हौसेखातर अंदमानात रेडिओ लावून बसली होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरमधला त्यांचा तोच सेट बेटांचे निरोप मुख्य भूमीला पोचवू लागला. हौस आणि आणीबाणी यांत एका सकाळचं अंतर.

आम्ही जून सोडून जानेवारी का धरला, याला कारण आभाळ. अमेरिकेचा फील्ड डे आपल्या घड्याळाने शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होतो. जूनअखेर सातपुड्यावर त्या वेळी विजा, आणि हातात ओली तार. एकदा हौस केली होती, पहिल्या गडगडाटाला सगळे गाडीत.

तोरणमाळ का, याला कारण दोन. एक म्हणजे शांतता. शहरात एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर आणि इन्व्हर्टर मिळून चाळीस मीटरवर असा भणभणाट करतात की लांबचा आवाज त्यात बुडून जातो. वर सेट लावला की आवाजाचा काटा खाली पडतो, कान मोकळे झाल्यासारखं वाटतं. मागच्या वर्षी तिथेही भणभण आली. अर्धा तास आम्ही तारा हलवत बसलो, आणि निघाला माझाच सोलर पॅनलचा कंट्रोलर. उन्हं उतरल्यावर आपोआप गप्प झाला.

दुसरं कारण डोंगर. हातातले व्हीएचएफ सेट, म्हणजे फार आखूड लहरींचे वॉकी-टॉकीसारखे, सरळ रेषेत बोलतात, मधे कडा आला की संपलं. धडगावच्या खोऱ्यांत हे फार जाणवतं. पण सात मेगाहर्ट्झची तार मुद्दाम खाली, चार-पाच मीटरवर बांधली, तर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून छत्रीसारखी तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात खाली येते. डोंगर आडवा येतच नाही, कारण ती डोंगरावरून उतरते. दिवसा यावर नाशिक, इंदूर, छत्रपती संभाजीनगर घरच्यासारखे लागतात. तापीला पूर आला आणि टॉवर बंद पडले तर उपयोगी पडेल ती ही बुटकी तार. उंच मास्ट फोटोला बरा.

अमेरिकेत फील्ड डेला येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही परवानाधारकाच्या देखरेखीखाली माइकवर बोलू देतात, त्यासाठी वेगळं स्टेशन ठेवतात. आमच्याकडे माइक परवानाधारकाच्याच हातात, बाकीच्यांनी ऐकायचं. गेल्या खेपेला आमच्या गाडीचा ड्रायव्हर, शिंदखेड्याकडचा, रात्री थंडीने झोप येईना म्हणून माझ्याशेजारी येऊन बसला. आधी म्हणाला, “भाऊ, मोबाईलले रेंज नही, मंग तुम्हनं हाई कसं चालस?” मी दुसरा हेडफोन त्याच्या कानाला लावला. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग, “हाऊ कोन बोली ऱ्हायना?”

सायबेरियावाला, मी म्हटलं.

“मंग त्याले इचारा ना, तठे थंडी कितली शे.”

विचारलं. उणे अठ्ठावीस. ड्रायव्हरने घोंगडी खांद्यावरून काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवली.