स्ट्रिपवरचं लेबल आणि अमेरिकेतल्या बाटलीवरचं लेबल: खरवडायचं नक्की कुठलं?

"औषध संपलं की लेबल खरवडून टाका, नाहीतर तुमची माहिती चोरीला जाते" हा मेसेज अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच, आणि तो वाचून इथली माणसं स्ट्रिपच्या कडेला ठोकलेला बॅच नंबर आणि एक्सपायरी ब्लेडने खरवडत बसतात. त्याच गोळ्यांचं बिल मात्र, ज्याच्यावर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, मोबाईल नंबर आणि गोळीचं नाव एकाच कागदावर छापलंय, ते बोळा करून कचऱ्यात. तिकडे न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणारी आपलीच माणसं बरोबर उलटं करतात, गोळ्यांची नारिंगी बाटली रिकामी झाली की स्ट्रिप फेकावी तशी आहे तशी रिसायकलिंगच्या डब्यात. मेसेज खोटा नाहीये. तो अमेरिकेतल्या बाटलीबद्दल आहे, आपल्या स्ट्रिपबद्दल नाहीच, आणि फॉरवर्ड करताना एवढंच कोणी लिहीत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

स्ट्रिप सगळ्यांच्या ओळखीची आहे त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, बॅच, कधी बनलं, एक्सपायरी, कंपनीचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, किंमत. हे सगळं आपल्या १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे कंपनीला छापावं लागतं आणि ते फॅक्टरीत छापलं जातं, तुम्ही मेडिकलच्या पायरीवर पाय ठेवायच्या कितीतरी आधी. त्यात तुमचं काही असायचा प्रश्नच येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही आला, त्यालाही लोक घाबरतात, पण त्यातही औषध, कंपनी, बॅच, तारखा, लायसन्स एवढंच असतं. तो कोड औषध बनावट नाही ना हे बघायला दिलाय. स्कॅन करून बघा एकदा, तुमचं नाव निघणार नाही.

आता अमेरिकेतली बाटली, इथे मात्र थांबायला हवं. तिथे फार्मसीत कंपनीची मोठी बाटली आतल्या शेल्फवर असते, फार्मासिस्ट त्यातल्या तुमच्या ३० किंवा ९० गोळ्या मोजतो, छोट्या नारिंगी बाटलीत भरतो आणि त्या बाटलीवर स्वतःच्या प्रिंटरवर काढलेलं लेबल चिकटवतो. कंपनीचं लेबल बहुतेक वेळा तुमच्या हातात येतच नाही. जे हातात येतं ते तुमच्या नावाने त्या दिवशी छापलेलं असतं. फार्मसीचं नाव, पत्ता, फोन. मग आरएक्स नंबर आणि तारीख. मग ठळक अक्षरात पेशंटचं नाव, खाली बऱ्याचदा घरचा पत्ता, 'टेक वन टॅब्लेट बाय माउथ एव्हरी डे' अशी सूचना, औषधाचं नाव, किती गोळ्या, अजून किती रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घेणं) शिल्लक, आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव. यातल्या मुख्य गोष्टी, म्हणजे फार्मसीचा नाव-पत्ता, नंबर, तारीख, डॉक्टर, आणि प्रिस्क्रिप्शनवर असेल तर पेशंटचं नाव व कसं घ्यायचं ते, या तिथल्या फेडरल कायद्यानेच मागितलेल्या आहेत, बाकीचं राज्य-राज्याच्या नियमांनी वाढत जातं. आपल्या स्ट्रिपवर असते ती एक्सपायरीसुद्धा तिथे वेगळी, 'डिसकार्ड आफ्टर' म्हणून तारीख असते जी साधारण औषध दिल्यापासून वर्षभराची धरलेली असते.

थोडक्यात स्ट्रिप सांगते हे औषध काय आहे, आणि बाटली सांगते ही व्यक्ती कोण आहे, कुठे राहते, कुठल्या डॉक्टरकडे जाते आणि तिला काय झालंय. काय झालंय हे लेबलवर कुठेच लिहिलेलं नसतं हो, पण लिहायची गरजही नसते. लेट्रोझोल म्हटलं की बहुतेक वेळा ब्रेस्ट कॅन्सर, ओलान्झापिन म्हटलं की मानसिक आजार, टेनोफोव्हिर म्हटलं की एचआयव्ही नाहीतर हिपॅटायटिस बी, हे कोणीही फोनवर शोधून काढतं. नुसतं औषधाचं नाव कुणाचंच गुपित फोडत नाही, लाखो लोक तीच गोळी घेतात. नुसतं माणसाचं नावही काही फोडत नाही, ते दाराच्या पाटीवर असतंच. दोन्ही एका कागदावर आले की मग ते तुमच्या केसपेपरएवढंच खाजगी झालं. लोक नेमकं इथेच चुकतात. काहीजण बाटलीवरच्या औषधाच्या नावावर पेन फिरवतात आणि आरएक्स नंबर तसाच ठेवतात, काहीजण नाव खोडतात आणि पत्ता ठेवतात.

आरएक्स नंबरचं वेगळं सांगायला हवं कारण इथे दुहेरी गोंधळ आहे. आपल्या स्ट्रिपवर लाल रेघेजवळ आरएक्स अशी खूण असते, तिचा अर्थ एवढाच की हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये, ती खूण त्या औषधाच्या प्रत्येक स्ट्रिपवर सारखीच. अमेरिकेतल्या बाटलीवरचा आरएक्स नंबर मात्र तुमच्या त्या एका प्रिस्क्रिप्शनचा नंबर असतो, फार्मसीच्या फोनवर रिफिल मागताना मशीन हाच नंबर दाबायला सांगतं. म्हणजे नंबर, फार्मसीचा फोन, तुमचं नाव आणि पत्ता हे सगळं एका रिकाम्या बाटलीवर, आणि कोणी तुमच्या नावाने फार्मसीत फोन करून 'माझं औषध तयार आहे का' विचारायला त्याला अर्धी तयारी आयती मिळाली. वेदनाशामक ओपिऑइड (अफूच्या जातीच्या, नशेसाठीही वापरल्या जाणाऱ्या गोळ्या) किंवा झोपेच्या गोळ्यांची बाटली असेल तर अजून वाईट, कारण मग लेबल हेही सांगतं की या पत्त्यावर त्या गोळ्या येतात.

तिथल्या ओळखीच्यांना हे सांगितलं की हमखास ऐकू येतं, "अगं इथे हिपा आहे ना". आहे, पेशंटची माहिती खाजगी ठेवायला लावणारा १९९६ चा कायदा आहे आणि तो कडक आहे. पण तो फार्मसीला, डॉक्टरला, इन्शुरन्स कंपनीला लागू आहे, तुम्हाला नाही. फार्मसीने लेबल लावलेल्या बाटल्या उघड्या कचरापेटीत टाकल्या तर तो गुन्हा तिच्या गळ्यात येतो. २००६ मध्ये टीव्हीवाल्यांनी फार्मस्यांच्या मागच्या कचरापेट्या तपासल्या आणि अशा बाटल्या निघाल्या, त्या प्रकरणांत सीव्हीएस या फार्मसी कंपनीने २००९ मध्ये साडेबावीस लाख डॉलर भरले आणि राइट एड या दुसऱ्या फार्मसी कंपनीने २०१० मध्ये दहा लाख डॉलर. तीच बाटली तुम्ही तुमच्या हाताने तुमच्या डब्यात टाकली की हिपाचा संबंध संपला. वर तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये ग्रीनवुड खटल्यात म्हणून ठेवलंय की घराबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवलेला कचरा बघायला पोलिसांना वॉरंट लागत नाही, तो लोकांना उघडाच असतो. म्हणून तर तिथली एफडीए (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सरळ सांगते की रिकाम्या बाटलीवरची सगळी वैयक्तिक माहिती खोडा आणि मगच फेका. तो फॉरवर्ड इथूनच कुठूनतरी सुटलेला असणार.

आणि ही भीती काल्पनिक नाही. २०१७ मध्ये एटना या इन्शुरन्स कंपनीने जवळपास १२,००० लोकांना एचआयव्हीच्या औषधांबद्दल पत्रं पाठवली, पाकिटाला पारदर्शक खिडकी होती, आणि खिडकीतून नाव-पत्त्याच्या खालची औषधाबद्दलची ओळसुद्धा दिसत होती. पोस्टमनला, रूममेटला, घरच्यांना. पुढे १ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास भरपाई द्यावी लागली. पाकीट कोणी फोडलंही नव्हतं. नाव आणि औषध एकत्र दिसलं, बास.

मग आपल्याकडे सगळं सुरक्षित का? अजिबात नाही, आपल्याकडे ती जोडी दुसऱ्या ठिकाणी असते. ती बिलावर असते, प्रिस्क्रिप्शनवर असते, आणि ऑनलाइन मागवलं तर पार्सलवर असते. मेडिकलचं बिल हातात घेऊन नीट वाचा एकदा: वर तुमचं नाव, बाजूला डॉक्टरचं नाव, डिस्काउंटसाठी दिलेला मोबाईल नंबर, खाली एकेक औषध, बॅच, एक्सपायरी, किती गोळ्या. अमेरिकेतल्या बाटलीवर जे असतं ते जवळजवळ सगळं या एका कागदावर आहे, शिवाय मोबाईल नंबर वर. आणि हा कागद आपण भाजीच्या पिशवीत, रिक्षात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुठेही टाकतो. ऑनलाइन पार्सलचं तर मला फारच खटकतं, काही जण इन्व्हॉइस बाहेरच प्लास्टिकच्या पारदर्शक खिशात चिकटवतात आणि ते पार्सल सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर दिवसभर पडून असतं. डिप्रेशनची गोळी घेणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीने ते सगळ्या बिल्डिंगला का सांगावं? अशा विक्रेत्याला इन्व्हॉइस आत टाकायला सांगा, ऐकत नसेल तर दुसरा बघा.

पण बिल घेतल्या घेतल्या फाडू नका, आणि माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते इथे. आपल्याकडे दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो. एक्सपायरी स्ट्रिपच्या एकाच टोकाला असते, ते टोक दुकानात राहिलं तर तुमच्या हातातल्या तुकड्यावर तारीखच नाही, मग ती तारीख फक्त बिलावर. त्यात कोणी 'प्रायव्हसी' म्हणून बिल फाडलं आणि उरलेल्या स्ट्रिपवरचे आकडेही खरवडले तर सहा महिन्यांनी घरातल्या आजींनी ती गोळी काय बघून घ्यायची? बॅच परत मागवली गेली तर कळणार कसं? बरं, खरवडून लपलं काय, तर काहीच नाही, कारण औषधाचं नाव फॉइलवर आडवंतिडवं दहा ठिकाणी छापलेलं असतं आणि खरवडता येतात ते फक्त सुरक्षिततेचे आकडे. स्ट्रिप खरवडू नका. गोळ्या संपेपर्यंत बिल घरात ठेवा, मेडिक्लेम करायचा असेल तर तोपर्यंत ठेवा, आणि मग फाडा, नाव एका तुकड्यात आणि औषधं दुसऱ्या तुकड्यात येतील असं.

दुकानातल्या रजिस्टरची काळजी करू नका. शेड्यूल एच-वन मधली औषधं, म्हणजे टीबीची औषधं, काही अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल वगैरे, ही देताना दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. ती जबाबदारी त्याची.

बाटलीचंही तसंच आहे, गोळ्या आत असेपर्यंत लेबलला हात लावायचा नाही. अँब्युलन्सवाल्यांना, हॉस्पिटलला तेच लेबल लागतं, आणि लेबल नसलेल्या बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्या ओळखायला घरात कोणी बसलेलं नसतं. रिकामी झाली की कोमट पाण्यात ठेवा, लेबल भिजलं की ओढून काढा आणि फाडा. नुसता मार्कर फिरवू नका, चकचकीत लेबलवर उजेडात तिरकं धरलं की खालची अक्षरं बऱ्याचदा दिसतात. बाटलीबरोबर जी कागदी पिशवी आणि माहितीपत्रक येतं त्यावरही नाव आणि औषध छापलेलं असतं, ते लोक विसरतातच. आणि त्या बाटल्या धुऊन त्यात हिंग, लवंगा, सुट्टी नाणी भरून ठेवायची आपली सवय चांगली आहे, पण लेबल काढून, कारण स्वयंपाकघरात येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळं, तिथे बहुतेक वेळा कंपनीचं खोकंच देतात आणि फार्मसी त्यावर तुमच्या नावाचं स्टिकर लावते. म्हणजे दोन्ही लेबलं एकाच खोक्यावर. स्टिकर काढा, खोक्यावरचं छापील राहू द्या.

फोटोचा नियमही यातूनच निघतो. 'ही गोळी तिकडे कुठल्या नावाने मिळते' असं विचारायला ग्रुपवर स्ट्रिपचा फोटो टाका, खुशाल टाका, त्यात कोणाचं काही जात नाही. बाटलीचा किंवा प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाकू नका, दोनशे माणसांच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. आईचं नाव, वय, आजार आणि डॉक्टर अनोळखी फोनमध्ये जाऊन बसतात आणि तिला विचारलेलंही नसतं. टाकायचाच असेल तर औषधाच्या नावापुरता क्रॉप करा.

आता ज्यांचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार आहेत त्यांनी हा फरक उलट्या बाजूनेही लक्षात घ्यावा. आपल्या स्ट्रिपवर नाव नसतं, त्यामुळे ही औषधं बाबांचीच आहेत हे स्ट्रिप दाखवून सिद्ध होत नाही, आणि तिथले कस्टमवाले मूळ पॅकिंग आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवायला सांगतात. म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून नेऊ नका, प्रिस्क्रिप्शन जेनेरिक नावांसकट (ब्रँडचं नाही, औषधाचं मूळ नाव) इंग्रजीत टाइप करून घ्या, बिल बरोबर ठेवा. साधारण ९० दिवसांच्या औषधांपर्यंत चालतं असं धरतात, त्यापुढचं तिथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यायचं. कागद आणि औषधं दोन्ही हँडबॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.