शेक घेतल्यानंतरचं हाड

प्रोस्टेट कॅन्सरचा शेक, म्हणजे किरणोपचार, घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. माणसाची कंबर अचानक धरते, बोन स्कॅनवर त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडात, डाग दिसतो आणि घरच्यांच्या मनात एकच येतं: आजार हाडांत उतरला. ही शंका रास्तच, कारण हा कॅन्सर पसरताना बहुतेकदा हाडंच गाठतो. पण कधी कधी तो डाग म्हणजे ठिसूळ झालेल्या हाडाला गेलेला बारीक तडा असतो.

किरणांचं आणि हाडांचं वैर शंभर वर्षं जुनं आहे. न्यू जर्सीतल्या ऑरेंजमध्ये घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली रेडियममिश्रित रंगाचा कुंचला ओठांत धरून टोकदार करत. रेडियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा, म्हणून शरीर त्याला थेट हाडांत नेऊन बसवतं. त्यांचे जबडे सडू लागले. 1924 मध्ये थिओडोर ब्लम या दंतशल्यविशारदांनी त्याची नोंद केली. बाहेरून दिलेल्या किरणांनीही हाड खराब होतं, हे कॅन्सरतज्ज्ञ जेम्स ईविंग यांनी 1926 मध्ये मांडलं आणि त्याला ‘रेडिएशन ऑस्टायटिस’ म्हटलं. ते न्यूयॉर्कच्या ज्या मेमोरियल हॉस्पिटलशी जोडलेले होते, तिथेच बेंजामिन बॅरिंजर प्रोस्टेटमध्ये रेडियमच्या सुया बसवत होते.

त्या काळची क्ष-किरण यंत्रं कमी ऊर्जेची. अशा किरणांची ऊर्जा मऊ पेशींपेक्षा हाड कितीतरी जास्त शोषून घेतं, त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेतलेल्या बायकांची खुब्याजवळची हाडं मोडत. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्ट यंत्रं सुरू झाली. पुढे स्टॅनफर्डमध्ये माल्कम बॅगशॉ यांनी लिनिअर ॲक्सिलरेटर या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरण यंत्राने प्रोस्टेटवर उपचार रुळवले. या जास्त ऊर्जेच्या किरणांत हाडाला जादा मात्रा बसत नाही. प्रश्न मिटला, असं वाटण्यासारखीच ही प्रगती होती.

तो मिटला नव्हता, कारण हाड बांधणाऱ्या पेशी आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या साध्या मात्रेनेही दुबळ्या होतात. रोजची झीज भरून निघत नाही आणि पडल्या-झडल्याशिवाय, नुसत्या चालण्याच्या भाराने तडा जातो.

त्यात भर पडली इंजेक्शनांची. टेस्टोस्टेरॉन रोखलं की हा कॅन्सर दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्येच दाखवलं होतं. 1997 मध्ये युरोपातल्या एका चाचणीत किरणांच्या जोडीला तीन वर्षं टेस्टोस्टेरॉन रोखणारं इंजेक्शन दिल्यावर रुग्ण जास्त जगले आणि ही जोडी पक्की झाली. पण त्याच टेस्टोस्टेरॉनवर पुरुषाचं हाडही पोसलेलं असतं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पन्नास हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी हार्मोनरोधक उपचार घेतलेल्या 19.4 टक्के पुरुषांचं हाड मोडलं होतं. न घेतलेल्यांत हे प्रमाण 12.6 टक्के होतं. माझ्या मते शेकाला एकट्याला दोष देणं इथेच चुकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, जास्त धोक्याच्या रुग्णांत प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींनाही किरण दिल्याने आजार अधिक काळ आटोक्यात राहिला. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण त्या ग्रंथींच्या शेजारीच त्रिकास्थी आहे.

मग रेडियमच परतलं. हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठी रेडियम-223 ला 2013 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही हाडांत शिरण्याच्या त्याच जुन्या खोडीमुळे. टेस्टोस्टेरॉन बनू न देणाऱ्या ॲबिराटेरॉनच्या गोळ्यांसोबत ते देऊन पाहिलं, तेव्हा 29 टक्के रुग्णांची हाडं मोडली. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत 11 टक्के. 2017 मध्ये त्या चाचणीत कुणाला कोणतं औषध मिळतंय, हे मुदतीआधीच उघड करावं लागलं. तिच्यासारख्याच दुसऱ्या चाचणीत हाडं जपणारं औषध सक्तीचं केल्यावर अस्थिभंग झपाट्याने घटले.

ती औषधं म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब. ती सुरू करण्याआधी रुग्णाला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, कारण क्वचित या औषधांनीही जबड्याचं हाड मरतं.