थेंबांमुळेच लाल झालेले डोळे

डोळे लाल दिसतात म्हणून थेंब टाकायचे, चार-पाच तासांनी लाली परतली की पुन्हा टाकायचे. काही आठवड्यांनी अशी वेळ येते की थेंबांशिवाय डोळे पांढरे राहतच नाहीत, वर दिवसभर कचकच आणि चुरचुर. मूळचा आजार बळावला असं वाटून माणूस थेंब आणखी वाढवतो. पुष्कळदा आजार असतो तो त्या बाटलीतच.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं, कंजंक्टायव्हा. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या की डोळा लाल दिसतो. लाली घालवणाऱ्या थेंबांत नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन किंवा फेनिलएफ्रिन यांपैकी काहीतरी असतं. ही द्रव्यं रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंना आवळायला लावतात. वाहिन्या आकसतात आणि बघता बघता डोळा पांढराशुभ्र होतो. वाहिन्या मुळात फुगल्या होत्या त्या धुळीने, अॅलर्जीने किंवा कोरडेपणाने. ते कारण मात्र जागच्या जागीच असतं.

रोजच्या माऱ्याने स्नायूंवरचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे जोडलं जाऊन काम करतं त्या जागा, हळूहळू औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून तेवढ्याच परिणामासाठी जास्त वेळा थेंब लागतात. शिवाय आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचतो. औषधाचा अंमल उतरला की ती तूट भरून काढायला वाहिन्या पहिल्यापेक्षाही जास्त फुगतात. डॉक्टर याला रिबाउंड लाली म्हणतात. ऑक्सिमेटाझोलिन बंद नाक मोकळं करणाऱ्या स्प्रेमध्येही असतं, आणि तो स्प्रे लांबवला तर नाकाचंही हेच होतं.

ब्रिमोनिडिन या द्रव्याचे 0.025 टक्के तीव्रतेचे थेंब अमेरिकेत 2017 मध्ये लालीसाठी मंजूर झाले. ते दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरवर काम करतात आणि चाचण्यांत त्यांच्यामुळे रिबाउंड क्वचितच दिसला. तरी तेही रंगावरचंच औषध.

कोरडेपणा येतो तो बहुतेक वेळा बाटलीतल्या दुसऱ्या एका घटकामुळे. बाटली उघडल्यावर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्वेटिव्ह घालतात आणि त्यांत सर्वाधिक वापरलं जाणारं म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. हे स्वभावाने डिटर्जंट आहे. डोळ्यावर अश्रूंचा जेमतेम 3 मायक्रोमीटर जाडीचा थर असतो. वर तेलकट साय, खाली पाणी आणि पाण्याला डोळ्यावर धरून ठेवणारं श्लेष्म अशी त्याची रचना. डिटर्जंट ती साय मोडतं, त्यामुळे पाणी लवकर उडून जातं. श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींनाही ते मारक ठरतं. मग कोरडा डोळा लाल होतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो.

एकाच वेळी दोन-तीन थेंब टाकण्यात तर काहीच अर्थ नाही. एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो, आणि डोळ्यात मावतो त्याहून कमीच. बाकीचा गालावर ओघळतो किंवा अश्रूनलिकेतून नाकात उतरतो. थेंब टाकल्यावर घशाशी कडवट चव येते ती त्यामुळेच.

यावर उपाय म्हणजे लाली घालवणारे थेंब बंद करणं, आणि कठीण जातं तेही हेच. सुरुवातीला डोळे आधीपेक्षा लाल दिसतात, लोक विचारायला लागतात आणि पुष्कळजण तिथेच हार मानतात. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा थेंबांनी डोळे बिघडलेल्या 70 रुग्णांची नोंद आहे. थेंब थांबवल्यावर दाह उतरायला सरासरी 4 आठवडे लागले. कुणी आठवड्यात बरं झालं, तर कुणाला 24 आठवडे लागले. तेव्हा चार दिवसांत फरक नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

या काळात आधार कृत्रिम अश्रूंचा. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले, पण प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब घ्यावेत. ते बहुधा एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत मिळतात. नुसतं ‘कृत्रिम अश्रू’ वाचून समाधान मानू नका, लेबलवरची घटकांची बारीक ओळ बघा. प्रिझर्वेटिव्हवाले अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणं टाळलेलं बरं. मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं सोसवेल इतका गरम, ओला कपडा ठेवला की पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल वितळतं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतो, त्या मुद्दाम पूर्ण मिटायची सवय लावून घ्यावी. घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र मनाने टाकू नयेत. लाली त्यांनी झटकन जाते, पण डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

डोळा दुखत असेल, नजर धूसर झाली असेल, उजेड सहन होत नसेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, तर घरगुती प्रयोग नकोत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. काचबिंदूचे थेंब चालू असलेल्यांनी ते स्वतःहून कधीच थांबवू नयेत. त्यांच्यातल्या प्रिझर्वेटिव्हचा त्रास होत असेल तर पर्याय डॉक्टरच देतील.

अर्धवट उरलेली बाटली लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब मुलांनी पिण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने 2012 मध्ये इशारा दिला होता. 1 ते 2 मिलिलिटर पोटात गेले तरी मूल गंभीर होऊ शकतं, आणि 1 मिलिलिटर म्हणजे जेमतेम 20 ते 33 थेंब.