आयर्लंडमधील लष्करी सेवा निवृत्तिवेतन : पात्रता, अर्ज आणि पुरावे

आयरिश फ्री स्टेट हे आयर्लंडचे नवे स्वशासित राज्य ६ डिसेंबर १९२२ रोजी अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या बहुतेकांकडे आपण सैनिक होतो हे सिद्ध करणारा एकही सरकारी कागद नव्हता. भूमिगत सेनेत नेमणुकीचे आदेश हाती मिळत नसत, आणि एखादी यादी ब्रिटिश छाप्यात सापडली तर त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरावर संकट ओढवत असे. त्यामुळे निवृत्तिवेतनाचा कायदा करताना नव्या राज्यापुढे पैशांच्या तरतुदीइतकाच अवघड प्रश्न पुराव्याचा होता, आणि अर्जाची सगळी प्रक्रिया या प्रश्नाभोवतीच उभी राहिली.

प्रथम दोन वेगळ्या हक्कांमधला फरक लक्षात घ्यावा लागतो. १९२३ चा सैन्य निवृत्तिवेतन कायदा लढाईत जखमी झालेल्यांसाठी आणि मृतांवर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांसाठी होता. १९२४ चा लष्करी सेवा निवृत्तिवेतन कायदा मात्र इजा झालेली असो वा नसो, केलेल्या सेवेबद्दल वेतन देणारा होता. पहिल्यासाठी जखम कशी व कुठे झाली हे दाखवावे लागे, दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष सेवा केल्याचे सिद्ध करावे लागे.

पात्रता

१९२४ च्या कायद्यानुसार अर्जदाराने एप्रिल १९१६ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावापासूनच्या संघर्षात आयरिश व्हॉलंटियर्स, आयरिश सिटिझन आर्मी यांसारख्या मान्य संघटनेतून प्रत्यक्ष सेवा केलेली असणे आवश्यक होते. मात्र एवढ्याने भागत नसे. १ जुलै १९२२ ते १ ऑक्टोबर १९२३ या यादवी युद्धाच्या काळात त्याने सरकारच्या राष्ट्रीय सैन्यातही सेवा केलेली असावी, अशी दुसरी अट होती. या एका अटीमुळे ब्रिटनबरोबरचा तह अमान्य करून विरुद्ध बाजूने लढलेले सगळे जण बाहेर पडले, मग १९१६ मध्ये ते कितीही धोका पत्करून लढलेले असोत. एकाच तुकडीत खांद्याला खांदा लावून लढलेल्या दोघांपैकी एकाला वेतन आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली, आणि माझ्या मते हा या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय होता. तहविरोधकांचे नेते डी व्हॅलेरा यांचे सरकार आल्यानंतर १९३४ च्या नव्या कायद्याने ही अट काढली आणि तहविरोधकांना, तसेच कुमन ना मॉन या महिला संघटनेच्या सदस्यांना अर्जाचा मार्ग खुला केला.

महिलांच्या बाबतीत मार्गारेट स्किनिडर यांचे प्रकरण सर्वांनी वाचावे असे आहे. १९१६ च्या उठावात त्या सिटिझन आर्मीकडून डब्लिनमध्ये लढल्या आणि त्यांना तीन गोळ्या लागल्या. १९२५ मध्ये त्यांनी जखमेच्या वेतनासाठी अर्ज केला, तेव्हा कायद्यातील ‘सैनिक’ हा शब्द पुरुषांपुरताच आहे असा अर्थ लावून तो फेटाळला गेला. जखमा खऱ्या होत्या, त्यांवर कोणी शंकाही घेतली नव्हती. आडवा आला तो फक्त एका शब्दाचा अर्थ. त्यांना निवृत्तिवेतन मिळाले ते १९३८ मध्ये. १९३४ च्या कायद्यानेही महिलांना पूर्ण समान स्थान दिले नाही, कारण हुद्द्यांच्या ए ते ई या पाच श्रेणींपैकी डी आणि ई या शेवटच्या दोनच श्रेणी त्यांच्या वाट्याला येत. मान्य झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे ई श्रेणीत वार्षिक ५ पौंड मिळत, ए श्रेणीत २५.

अर्ज आणि पुरावे

विहित नमुन्यातील अर्जात १९१६ ते १९२३ हा काळ लहान कालखंडांत विभागलेला असे, आणि प्रत्येक कालखंडात आपण कोणत्या तुकडीत, कोणाच्या हाताखाली, कोणत्या चकमकीत होतो हे अर्जदाराने स्वतंत्रपणे लिहायचे असे. नुसते सदस्यत्व पुरेसे नव्हते; ‘प्रत्यक्ष सेवा’ दाखवावी लागे. शस्त्रे लपवणे, निरोप पोहोचवणे, पळून आलेल्यांना आसरा देणे ही कामे त्यात बसतात की नाही, यावरच असंख्य अर्ज अडले, आणि ही कामे बहुतांशी महिलांनी केलेली असल्याने तोटाही त्यांचाच अधिक झाला.

कागद नसल्यामुळे मुख्य पुरावा म्हणजे माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पत्र. तो अधिकारी मरण पावला असेल, परदेशी गेला असेल किंवा यादवीत दुसऱ्या बाजूला गेल्याने बोलणेच तुटले असेल, तर अर्जदाराची फार अडचण होई. त्यावर उपाय म्हणून १९३५ पासून ब्रिगेडनिहाय समित्यांनी ११ जुलै १९२१ आणि १ जुलै १९२२ या दोन तारखांच्या सदस्यांच्या याद्या आठवणीतून नव्याने तयार केल्या. अर्जदाराला शपथेवर तोंडी जबाबासाठीही बोलावले जाई. १९२४ च्या कायद्याखाली निर्णय मूल्यनिर्धारकांच्या मंडळाकडे होता, तर १९३४ नंतर ‘रेफरी’ म्हणून नेमलेली व्यक्ती सल्लागार समितीच्या मदतीने अहवाल देत असे. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्याच्या निवृत्तिवेतनात कपात होई.

एकूण सुमारे ८२,००० अर्जांपैकी साधारण १५,७०० मान्य झाले. नाकारलेल्यांना १९४९ च्या कायद्याने फेरविचाराची मागणी करण्याची संधी दिली.

भारताशी संबंधित एक तरतूद

जून १९२० मध्ये जालंधर येथे ब्रिटिश सैन्यातील कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी, मायदेशात चाललेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ काम करण्यास नकार दिला, आणि हे बंड सोलनपर्यंत पोहोचले. त्यातील जेम्स डेली यांना २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. हे शिपाई कोणत्याही मान्य आयरिश संघटनेत नसल्याने वरील कायद्यांत बसत नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी १९३६ मध्ये कॉनॉट रेंजर्स निवृत्तिवेतन कायदा स्वतंत्रपणे करावा लागला.

कागदपत्रे आज पाहायची असल्यास

हे अर्ज डब्लिनमधील कॅथल ब्रुघा बरॅक्समधील लष्करी अभिलेखागारात असून, २०१४ पासून ते टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले जात आहेत. अर्जदाराच्या नावाने शोध घेता येतो. वंशजांनी केवळ मान्य झालेल्या अर्जांवर थांबू नये. नाकारलेल्या अर्जांच्या धारिकांतही माणसांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकिकत, शिफारसपत्रे आणि पुनःपुन्हा केलेल्या विनंत्या जपलेल्या असतात, आणि अनेक घरांत त्या काळाचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला आहे.