माणकीची तीन हृदयं

गोव्यातल्या माळीम जेटीवर ट्रॉलर लागला की टोपल्यांतून माणक्या, म्हणजे स्क्विड, उतरतात. त्या साफ करताना आपण डोकं ओढून आतलं सगळं काढतो आणि टाकून देतो. एकदा तसं न करता पोटाकडची बाजू कात्रीने उभी चिरून बघा. शाईची पिशवी मात्र फुटू देऊ नका, नाहीतर सगळं काळं होऊन काहीच दिसायचं नाही. दोन्ही कडांना पिसासारखे दोन कल्ले दिसतील आणि प्रत्येक कल्ल्याच्या बुडाशी एक फिकट, बारीकशी गाठ. ती गाठ म्हणजे हृदय! तिसरं, मुख्य हृदय या दोघांच्या मध्ये असतं.

तीन कशाला? तिसऱ्या, कालवं हे शिंपले म्हणजे माणकीचीच भावंडं, पण त्यांचं रक्त मोकळ्या पोकळ्यांतून संथ फिरतं. माणकी, माकूल, ऑक्टोपस हे शिकारी. त्यांचं रक्त बंद वाहिन्यांतूनच वाहतं. अंगभर फिरून आलेल्या रक्ताचा जोर संपलेला असतो. कल्ल्यांच्या बारीक केशवाहिन्यांतून ते पार करायला तिथेच दोन पंप बसवलेले. प्राणवायू घेतलेलं रक्त मग दोन अलिंदांतून (रक्त घेणारे कप्पे) मुख्य हृदयाच्या निलयात (रक्त ढकलणारा कप्पा) येतं आणि सर्वांगाला जातं. शिवाय या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य म्हणजे तांबं असलेलं हिमोसायनिन; आपल्या हिमोग्लोबिनइतका प्राणवायू ते वाहू शकत नाही, त्यामुळे पंपांना कष्ट जास्त.

मला याहून विलक्षण वाटते ती या हृदयांची मज्जारचना. मेंदूच्या खालच्या-मागच्या भागातून दोन नसा खाली उतरतात. वाटेत चेतापेशींचे लहान पुंजके लागतात. त्यांतला एकेक कल्ल्याजवळच्या प्रत्येक हृदयापाशी असतो. पण ऑक्टोपसवरच्या प्रयोगांत या नसा कापल्या तरी हृदयं धडधडत राहिली. ठोका स्नायूचा स्वतःचा, नसांचं काम तो कमी-जास्त करण्याचं. हा ताबा किती कडक असू शकतो बघा: ऑक्टोपस पाण्याचा झोत मारत जोराने पोहू लागला की त्याचं मुख्य हृदय चक्क थांबतं! म्हणून तो लवकर दमतो आणि एरवी तळावरून सरपटणंच पसंत करतो.

शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाचं हृदय मंदावणारं रसायन नसांतून स्रवतं हे दाखवलं. ते ॲसिटिलकोलिन, आपल्याही हृदयाला तेच आवरतं. मृदुकाय (माणकी, तिसऱ्या यांचा गट) आणि पाठीचा कणा असलेले प्राणी यांच्या वाटा 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी ऑक्टोपसच्या हृदयालाही ॲसिटिलकोलिनच आवरतं. सिरोटोनिन हे दुसरं रसायन दिलं, तर उलट तेच हृदय जोरात ठोके देऊ लागतं.