मूत्रपिंडविकारातील आध्यात्मिक गरजा व मानसिक आरोग्य

मूत्रपिंडांचा गाळणदर मिनिटाला 60 मिलि.पेक्षा कमी, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी हानीची खूण, तीन महिन्यांहून अधिक काळ राहिली की त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. गाळणदर 15 च्या खाली उतरल्यावर बहुतेकांना अपोहन किंवा प्रत्यारोपण लागते. (‘अपोहन’ हा शब्द कोशातच राहिला, मुंबईतला रुग्ण ‘आज डायलिसिस आहे’ किंवा नुसते ‘आज मशीन आहे’ म्हणतो.)

संज्ञा : ‘आध्यात्मिक गरज’ ही वैद्यकातील कल्पना बहुधा इंग्लंडमधील उपशामक सेवेतून, म्हणजे असाध्य आजारात वेदना हलकी करणाऱ्या सेवेतून आली. त्या सेवेच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी 1960 च्या दशकात ‘समग्र वेदना’ मांडताना शारीरिक, मानसिक व सामाजिक दुःखाच्या जोडीला आध्यात्मिक दुःख हे चौथे अंग धरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने 1984 मध्ये आरोग्याच्या आध्यात्मिक परिमाणाची दखल घेतली. मात्र आरोग्याच्या व्याख्येतच तो शब्द घालण्याचा 1998 चा प्रस्ताव पुढे बारगळला.

मराठीत या शब्दाला आधीचे वळण आहे. ‘त्रिविध ताप’ (आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक) कीर्तनातून घरोघर माहीत असतात. सांख्य दर्शनाचा ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेच्या पहिल्याच शब्दात हे दुःखत्रय येते. (ग्रंथाचा काळ सामान्यतः चौथे-पाचवे शतक मानतात, परमार्थ या बौद्ध भिक्षूचे चिनी भाषांतर सहाव्या शतकाच्या मध्यातले, म्हणून त्यानंतरचा नव्हे.) टीकाकार त्यातील आध्यात्मिक दुःखाचे शारीर व मानस असे दोन भेद करतात आणि शारीर भेदात वात-पित्त-कफाच्या वैषम्याने होणारे रोग घालतात. या अर्थाने मूत्रपिंडाचा रोग स्वतःच आध्यात्मिक ताप ठरतो. रुग्णांच्या गरजा मोजणाऱ्या आधुनिक प्रश्नावल्यांत मात्र ‘आध्यात्मिक’ म्हणजे अर्थ, आशा, क्षमा, नाते व मनःशांती. काही अभ्यासक धर्माचरण त्यापासून वेगळे काढतात; ही फारकत मुंबईच्या रुग्णांना लावताना जपूनच वापरावी, असे वाटते.

मानसिक आरोग्य : खिन्नता (डिप्रेशन) मोजण्यातच अडचण आहे. थकवा, भूक मरणे, झोप न लागणे ही खिन्नतेची लक्षणे आहेत आणि रक्तात युरिया साचल्याचीही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित आढाव्यात डायलिसिसवरील रुग्णांमधील खिन्नतेचे प्रमाण प्रश्नावलीने सुमारे 39 टक्के, तर प्रत्यक्ष मुलाखतीने सुमारे 23 टक्के भरले. दुसरा आकडा अधिक विश्वसनीय दिसतो. पैशाची चिंता, नोकरी टिकवण्याची धडपड आणि यंत्रावर बांधले गेल्याची भावना यांची भर वेगळीच.

मुंबईतील आचार : येथे आध्यात्मिक गरज बहुधा पाण्याच्या मापात दिसते. दोन डायलिसिसमध्ये वाढलेले वजन म्हणजे साठलेले पाणी. ‘आज तीन किलो काढले’ ही नेहमीची बोली. दिवसभराचे पाणी बाटलीत मोजून ठेवणाऱ्या माणसापुढे तीर्थाची पळी येते, तेव्हा तो ओंजळ पुढे करतो, जिभेला टेकवतो आणि उरलेले डोक्याला लावतो. तीर्थ नाकारलेले नसते, मापही मोडत नाही. प्रसादाचे नारळपाणी, पंचामृतातले केळे, एकादशीचे बटाटे व शेंगदाणे यांत पोटॅशियम बरेच, आणि ते चढले तर हृदयाची लय बिघडते. त्यामुळे ‘उपास सोडा’ हा आहारतज्ज्ञाचा साधा सल्ला घरातल्या आजीला देवाशी वैर वाटू शकतो. ‘उपासाला मोजका साबुदाणा खा, दाण्याचा कूट नको’ असे सांगितले तर तो पाळला जाण्याचा संभव अधिक. डायलिसिसच्या दिवशी रोजा टिकतो का, यावर मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांचे एकमत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये मेणाचे हात, पाय वाहिले जातात. नवस बोलणाऱ्यांत अन्य धर्मीयही असतात. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचा न्यास तर स्वतःच डायलिसिस केंद्र चालवतो.

प्रत्यारोपण : भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे. आईचे किंवा पत्नीचे मूत्रपिंड घेतलेल्या माणसाच्या बोलण्यात कृतज्ञतेपेक्षा ‘ऋण’ हा शब्द आधी येतो, आणि दात्या स्त्रीच्या मनाची विचारपूस शस्त्रक्रियेनंतर क्वचितच होते.